जुन्या ऑटोफोकस झूम लेन्स मिररलेसवर: कोणता ॲडाप्टर चालतो, घेताना काय बघायचं?

मेहरूण_काठ (जळगाव)

बठ्ठासले राम राम.

चाळीसगावकडचा एक जुना स्टुडिओ बंद होतोय. मालक लेन्स सुट्या विकायला तयार आहेत, पण परत घेणार नाहीत. त्यातल्या चार डोळ्यांत भरल्या आहेत:

मिनोल्टा एएफ ७०-२१० एफ/४, तीच जुनी काळी, जाड नळकांड्यासारखी.
निकॉन एएफ ८०-२०० एफ/२.८ डी, दोन रिंगवाली, ट्रायपॉड कॉलरसकट.
कॅनन ईएफ २८-१०५ एफ/३.५-४.५ यूएसएम.
सिग्मा ७०-३०० एफ/४-५.६, कॅनन माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची कडी), फिल्मच्या काळातली.

माझी बॉडी (कॅमेरा) सोनी ए७ मार्क ३, मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेली; या लेन्स तिच्यावर बसवायला मध्ये ॲडाप्टर, म्हणजे जोडकडी, लागते. चुलतभावाकडे निकॉन झेड६ मार्क २ आहे, तो निकॉनची लेन्स घेईन म्हणतो. काम तीन प्रकारचं: सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, हिवाळ्यात हतनूरच्या बॅकवॉटरवरचे पक्षी, आणि जमलं तर काठीची राजवाडी होळी, म्हणजे रात्रीचं शूटिंग.

विचारायचं ते असं. ऑटोफोकस खरंच चालेल का, की नुसतीच लेन्स बसेल? एक दुकानदार म्हणतो, कुठलाही ॲडाप्टर घ्या, सगळं चालतं. दुसरा म्हणतो, सोनीचाच घ्या. आणि लेन्स हातात घेतल्यावर तिथल्या तिथे काय तपासायचं? तिथे कॅमेरा लावून बघायची सोय नाही, कारण ॲडाप्टरच नाही.

सातपुडा_पायथा (शिरपूर)

मेहरूणभाऊ, "कुठलाही ॲडाप्टर" हे उत्तर चूक आहे. फोकसची मोटर कुठे बसली आहे, हा पहिला प्रश्न. ती लेन्समध्ये असेल, ॲडाप्टरमध्ये असेल किंवा कुठेच नसेल. कुठेच नसेल तर फोकस हाताने.

मिनोल्टाने १९८५ साली ए माउंट आणला तेव्हा मोटर कॅमेऱ्याच्या पोटात होती. माउंटमधून एक छोटा स्क्रू बाहेर येतो, लेन्सच्या खाचेत बसतो आणि फिरवून फोकस करतो. निकॉननेही एएफ आणि एएफ-डी लेन्ससाठी हाच मार्ग धरला. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट काढताना मोटर लेन्समध्ये घातली आणि अपर्चरही, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणारी पातीही, विजेवर चालवलं. त्यामुळे जुन्या कॅनन लेन्सला ॲडाप्टरकडून फक्त वीज आणि निरोप हवे असतात. मिनोल्टा आणि निकॉनच्या जुन्या लेन्सना प्रत्यक्ष फिरवणारा हात लागतो.

आता तुमच्या बॉडीचं बघू, कारण नेमका इथेच पैसा बुडतो.

मिनोल्टाचा ए माउंट पुढे सोनीकडे आला; त्या लेन्स सोनी मिररलेसवर बसवणारे सोनीचे एलए-ईए ॲडाप्टर पाच. त्यातले १ आणि ३ मोटरशिवायचे. ज्या ए माउंट लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, म्हणजे एसएसएम किंवा एसएएम, त्यांच्यापुरते ते उपयोगी. तुमच्या मिनोल्टात मोटर नाही, तेव्हा ते बाद. एलए-ईए२ मध्ये मोटर आहे, पण तो एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीसाठी. तुमच्यासारख्या फुल फ्रेमवर, म्हणजे फिल्मएवढ्या सेन्सरवर, कडा काळ्या येतात. उरले ४ आणि ५.

एलए-ईए५ हा २०२० चा, आरसा नसलेला, आतच मोटर असलेला, आकाराने आटोपशीर. सगळे तोच सुचवतात. पण स्क्रूवाल्या लेन्सचा ऑटोफोकस तो ठरावीक बॉडींवरच देतो: ए७आर मार्क ४, ए६६००, ए७ मार्क ४, ए७आर मार्क ५ अशा. ए७ मार्क ३ त्यात नाही. तुमच्या बॉडीवर एलए-ईए५ लावून मिनोल्टा बसवली तर अपर्चर चालेल, लेन्सची माहिती फोटोत येईल, पण फोकस हाताने करावा लागेल. दुकानदार "सोनीचाच आहे" म्हणून हाच गळ्यात मारेल, म्हणून ठळक लिहिलं. घेण्याआधी सोनीच्या सुसंगततेच्या पानावर बॉडी आणि लेन्स दोन्हीची नावं टाकून बघा.

म्हणजे तुमच्यासाठी एलए-ईए४. यात अर्धपारदर्शक आरसा आहे. थोडा प्रकाश वर असलेल्या वेगळ्या फोकस सेन्सरकडे जातो, बाकीचा आरसा ओलांडून मुख्य सेन्सरवर पडतो. याचे परिणाम आधीच समजून घ्या. एक-तृतीयांश ते अर्धा स्टॉप प्रकाश कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). फोकसचे पॉइंट फक्त १५ आणि तेही फ्रेमच्या मधल्या भागात गोळा झालेले. बॉडीचा आय एएफ (डोळा ओळखून फोकस करणं) चालत नाही, कारण फोकस बॉडीचा सेन्सर करतच नसतो. आणि रात्री आगीसारखा तेजस्वी ठिपका समोर असेल तर आरशामुळे त्याची फिकट दुहेरी प्रतिमा दिसू शकते. काठीच्या होळीला हे जोडगोळं नेऊ नका, हा माझा स्पष्ट सल्ला. सारंगखेड्याला दिवसा उजेडी मात्र ते चांगलं काम देतं.

त्या आरशाला बोट किंवा कापड लावू नका. फक्त हातपंपाने हवा मारायची. तो पातळ पडदा आहे, ओरखडा कायमचा राहतो.

निकॉनच्या लेन्सचं उत्तर सरळ आहे. निकॉनचा एफटीझेड ॲडाप्टर असो की एफटीझेड मार्क २, दोघांतही स्क्रूची मोटर नाही. चुलतभावाच्या झेड६ वर ८०-२०० डी हाताने फोकस होईल. पण बाकी सगळं जिवंत राहतं: अपर्चर बॉडीवरून बदलतं, मीटरिंग चालतं, बॉडीचं स्टॅबिलायझेशन चालतं, फोकस बसला की निवडलेला पॉइंट हिरवा होतो. एकच अट, लेन्सची अपर्चर रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे केशरी २२ वर, फिरवून कुलूप सरकवून ठेवायची. निकॉनच्या ज्या लेन्सच्या नावात एएफ-एस आहे त्यांना स्वतःची मोटर असते, त्या एफटीझेडवर ऑटोफोकस करतात.

भुसावळ_जंक्शन (भुसावळ)

वरचं सगळं बरोबर. मी फक्त लेन्स हातात घेतल्यावर काय करायचं तेवढं सांगतो. कॅमेरा नसला तरी नव्वद टक्के दोष उघड्यावर दिसतात. सोबत न्यायचं: मोबाइलच्या दिव्यापेक्षा लहान, टोकदार झोताचा एलईडी टॉर्च, घड्याळजीकडे असतो तसला बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर आणि हातपंप.

अपर्चरपासून सुरू करा. मिनोल्टा बॉडीवरून काढली की तिची पाती मिटलेली असतात. मागच्या बाजूला एक छोटी पट्टी आहे. ती नखाने सरकवली की पाती उघडतात, सोडली की मिटतात. सोडताक्षणी चट्‌कन मिटायला हवीत. हळूहळू मिटत असतील तर पात्यांवर तेल आलेलं आहे. ते कुठून येतं? लेन्सच्या आत फोकसच्या आट्यांना लावलेलं ग्रीस उन्हाने पातळ होतं, त्यातलं तेल सुटतं आणि पात्यांवर झिरपतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली पडून राहिलेल्या लेन्समध्ये हा दोष हमखास बघायचा. तेलकट पाती असलेली लेन्स फोटो देते, पण एफ/८ मागितल्यावर पाती वेळेत पोचत नाहीत आणि फोटो पांढरा येतो. एकामागून एक फ्रेम घेतल्या तर प्रत्येकीचं एक्स्पोजर वेगळं. पात्यांवर टॉर्च तिरपा धरा, ओलसर चमक किंवा इंद्रधनुषी डाग दिसला तर समजा.

निकॉनलाही तीच पट्टीची चाचणी, रिंग २२ वर ठेवून. कॅननच्या लेन्सला अशी पट्टी नसते. ती बॉडीबाहेर उघडीच असते, म्हणून तिचं अपर्चर कॅमेऱ्याशिवाय तपासता येत नाही.

मग स्क्रू. मिनोल्टा आणि निकॉनच्या माउंटवर खाच असलेला छोटा गोल दिसेल. त्यात स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवून दोन्ही दिशांना फिरवा. फोकस रिंग न अडखळता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला हवी. मध्ये कुठे दात चढल्यासारखा खटका लागला तर आतला गिअर झिजलाय. खाच फिरते पण रिंग हलतच नाही, असं निकॉनमध्ये झालं तर आधी ए/एम (ऑटो/मॅन्युअल फोकस) रिंग ए वर आहे का बघा. आणि ती ए/एम रिंगच या दोन रिंगवाल्या ८०-२०० चं दुखणं आहे. प्लॅस्टिकची असल्याने चिरते, मग लेन्स ए आणि एमच्या मध्ये लोंबकळते. रिंगभोवती टॉर्च फिरवून चीर शोधा. कोणी चिकटपट्टी लावली असेल तर ती काढून बघायला सांगा. चुलतभावाला हाताने फोकस करायचा असल्यामुळे रिंग एम वर घट्ट बसणं हेच त्याच्यासाठी महत्त्वाचं.

काच शेवटी बघा, पण सावकाश बघा. अपर्चर उघडं धरून मागून टॉर्च टाका आणि पुढून तिरपं बघा. सरळ बघितलं तर फक्त झगझगाट दिसतो. धुळीचे पाच-दहा कण असतील तर सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे म्हणजे बुरशी. ती पुढच्या किंवा मागच्या मोकळ्या काचेवर असेल तर चांगला कारागीर काढतो. दोन काचा चिकटवलेल्या जोडीच्या मध्ये असेल तर लेन्स घेऊ नका. कडेने इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर त्या जोडीतला डिंक सुटतोय, तीही नको. आणि पूर्ण काचेवर एकसारखा दुधाळ पडदा असेल तर तो उजेडात अजिबात कळत नाही, अंधाऱ्या कोपऱ्यात टॉर्च लावल्यावरच दिसतो. दुकानाबाहेरच्या उन्हात लेन्स बघून पैसे दिले की घरी जाऊन हाच पडदा सापडतो. फोटो फिका, काळं करडं दिसतं.

मिनोल्टा ७०-२१० झूम करताना लांब होत नाही, फोकस करताना पुढे सरकते. झूम करताना आत काही खडखडलं तर सोडा.

माउंटवरचे सोनेरी पिनही बघा. काळपट असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड आणि हलका हात. खोडरबर किंवा सँडपेपर नको, मुलामाच निघून जातो.

लळिंग_रोड (धुळे)

कॅनन आणि सिग्मावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

तुमच्या यादीतली सर्वांत बिनडोकेदुखीची लेन्स २८-१०५ एफ/३.५-४.५ यूएसएम आहे. दिसायला साधी, म्हणून लोक तिच्याकडे बघत नाहीत. तिच्यात रिंग यूएसएम मोटर आहे, म्हणजे फोकस झाल्यावरही रिंग हाताने फिरवता येते आणि आवाज जवळपास नाही. फिल्टर ५८ मिमी, जो कुठेही मिळतो. नाव मात्र नीट वाचून घ्या. कॅननची दुसरी एक २८-१०५ आहे, एफ/४-५.६. ती नंतरची आणि हलक्या दर्जाची.

तुमच्या सोनीवर ही बसवायला ईएफ ते ई माउंट ॲडाप्टर लागतो. विजेच्या पिन असलेलाच घ्या: सिग्मा एमसी-११, मेटाबोन्स किंवा व्हिल्ट्रॉक्स. पिन नसलेला स्वस्त रिकामा ॲडाप्टर कॅननच्या लेन्ससाठी निरुपयोगी आहे. फोकस तर नाहीच, पण अपर्चरही बदलता येत नाही, लेन्स कायम उघडी राहते. सिग्माने एमसी-११ स्वतःच्याच लेन्ससाठी काढला आहे, कॅननच्या लेन्सची हमी देत नाही, तरी यूएसएमवाल्या बऱ्याच लेन्स त्यावर व्यवस्थित चालतात. ॲडाप्टर आल्यावर पहिलं काम म्हणजे यूएसबी केबलने त्याचं फर्मवेअर अद्ययावत करणं. "फोकस पुढेमागे नाचतो" या तक्रारींपैकी बऱ्याच तिथेच मिटतात.

ए७ मार्क ३ वर कॅनन लेन्स लावली की बर्स्ट, म्हणजे एकामागून एक फोटोंचा वेग, लो वर ठेवा. हाय वर फोकस पहिल्या फ्रेमला अडकतो आणि घोडा पुढे निघून जातो. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करायचाच. चालू असताना काढली तर ॲडाप्टर गोठतो, मग सगळं सुटं करून पुन्हा जोडावं लागतं.

ज्यांच्याकडे कॅननची मिररलेस आर मालिका आहे त्यांना हा प्रश्नच नाही. ईएफ-ईओएस आर ॲडाप्टर २४ मिमी जाडीची रिकामी नळी आहे, त्यात काच नाही, फक्त पिन पुढे नेतो. १९८७ ची ईएफ लेन्ससुद्धा त्यावर ऑटोफोकस करते. फक्त सुरुवातीच्या काही झूममधली मोटर घरघरते, व्हिडिओत तो आवाज येतो.

सिग्मा ७०-३०० फुकट मिळाली तरच घ्या. कारण सांगतो. कॅननने आपल्या माउंटचे संकेत सिग्माला दिले नव्हते, सिग्माने ते उलगडून काढले. नंतरच्या ईओएस बॉडींनी अपर्चरचा जो निरोप पाठवायला सुरुवात केली तो फिल्मच्या काळातल्या सिग्मा लेन्सना कळत नाही. परिणाम असा की पूर्ण उघड्या अपर्चरवर फोटो निघतो, अपर्चर एक स्टॉप लहान केलं की जुन्या डिजिटल बॉडीवर एरर ९९, नव्यांवर एरर ०१. लेन्स खराब नसते, तिची चिप जुनी असते. पूर्वी कंपनी चिप बदलून द्यायची, आता त्या वयाच्या लेन्ससाठी तो मार्ग धरू नये. सोनीवर ॲडाप्टरने काय होईल याचाही भरवसा नाही. ३०० वर कायम एफ/५.६ ने फोटो काढायचे आणि तेही मऊ, यात हतनूरचं काम होणार नाही.

कॅननच्याच लेन्सवर अपर्चर लहान केल्यावर एरर ०१ आला तर कारण वेगळं असतं. अपर्चरची चपटी रिबन केबल झूमच्या हालचालीने तुटलेली असते. २८-१०५ घेताना शक्य असेल तर कोणाची तरी कॅनन बॉडी तासभरासाठी मागून न्या, एफ/८ ठेवून २८, ५०, ७० आणि १०५ अशा प्रत्येक ठिकाणी एकेक फोटो काढा. चाळीसगावात लग्नाचं काम करणाऱ्या कोणाकडेही कॅनन मिळेल.

केळीबाग_रावेर (रावेर)

माझं मत थोडं वेगळं आहे. एलए-ईए४ आता कंपनी बनवत नाही, सेकंडहँड शोधावा लागतो, आणि त्याला लेन्सपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. त्याच पैशांच्या आसपास सोनीची जुनी ए माउंट बॉडी मिळते: ए५८, ए६५, ए७७. या सगळ्यांत स्क्रूची मोटर बॉडीतच आहे. मिनोल्टा थेट बसते, ॲडाप्टरचा खर्च नाही, ॲडाप्टरचा ढिलेपणा नाही आणि दुसरी बॉडी हातात येते. बॉडी एपीएस-सी असल्याने २१० मिमीचा पल्ला ३१५ सारखा मिळतो.

हतनूरबद्दल एक सांगतो. बॅकवॉटरवर बदकं आणि चक्रवाक काठापासून बरेच दूर असतात. फुल फ्रेमवर २१० मिमी म्हणजे पक्षी ठिपक्याएवढा. ए७ मार्क ३ वर क्रॉप मोड (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणं) लावला तर २४ मेगापिक्सेलचे १० उरतात. या यादीतली कुठलीच लेन्स हतनूरची नाही. थवे आणि काठावरचे मच्छीमार टिपायचे असतील तर गोष्ट वेगळी.

सातपुडा_पायथा (शिरपूर)

रावेरभाऊंचा हिशोब पटतो, पण त्याला एक पुस्ती. ए५८, ए६५ आणि ए७७ मध्येही तोच अर्धपारदर्शक आरसा आहे, म्हणजे प्रकाश तिथेही कमी होतो, आणि कमी उजेडात त्या ए७ मार्क ३ च्या जवळपासही येत नाहीत. वर जुनी बॉडी घेताना शटर किती चाललंय, बॅटरी कोणती लागते, हे सगळं पुन्हा तपासणं आलं. एकच मिनोल्टा लेन्स असेल आणि दिवसाचंच काम असेल तर जुनी बॉडी. मिनोल्टाच्या आणखी लेन्स घ्यायचा विचार असेल तर ॲडाप्टर. पुढे ए७ मार्क ४ कडे जाणार असाल तर दोन्ही सोडा, थांबा आणि तेव्हा एलए-ईए५ घ्या. त्यावर फोकस थेट बॉडीच्या सेन्सरने होतो, म्हणून पुढेमागे सरकणाऱ्या फोकसची भानगडच राहत नाही.

मेहरूण_काठ (जळगाव)

फार उपयोगी माहिती, मंडळी. सिग्मा यादीतून काढली. मिनोल्टा आणि २८-१०५ घ्यायचं ठरतंय, एलए-ईए४ ओळखीत एकाकडे आहे. दोन गोष्टी अजून विचारतो. "पुढेमागे सरकणारा फोकस" म्हणजे काय आणि तो जुळवायचा कसा? आणि चुलतभाऊ म्हणतो, निकॉनची लेन्स कधीतरी माझ्या सोनीवरही लावून बघू. त्याला कोणता ॲडाप्टर?

सातपुडा_पायथा (शिरपूर)

एलए-ईए४ मध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि फोटो घेणारा वेगळा. दोघांपर्यंतचं अंतर केसभर जरी कमी-जास्त असलं तरी फोकस डोळ्याऐवजी कानावर किंवा नाकावर पडतो. ते जुळवायला ए७ मार्क ३ च्या मेनूत एएफ मायक्रो ॲडजस्टमेंट आहे, उणे २० ते अधिक २०. लेन्स ओळखून तिचा आकडा बॉडी लक्षात ठेवते.

पद्धत अशी. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टेडीशॉट (सोनी बॉडीचं स्टॅबिलायझेशन) बंद, झूम २१० वर, अपर्चर एफ/४. समोर सपाट, ठळक छपाईचं काहीतरी, उदाहरणार्थ वर्तमानपत्राचं पान, कॅमेऱ्याच्या सेन्सरला अगदी समांतर. शेजारी जमिनीवर ४५ अंशांत तिरपी पट्टी ठेवली की फोकस पुढे गेला की मागे हे आकड्यांवर वाचता येतं. अंतर फोकल लांबीच्या २५ ते ५० पट, म्हणजे इथे सुमारे ५ ते १० मीटर. दुपारच्या उन्हात गच्चीवर करू नका, तापलेल्या हवेच्या लाटांनी प्रतिमा थरथरते. सकाळी सावलीत करा. प्रत्येक वेळी आधी रिंग हाताने पूर्ण जवळ किंवा पूर्ण दूर फिरवायची, मग फोकस करून फोटो. एका आकड्यावर पाचेक फोटो घ्या, कारण स्क्रूवाली लेन्स दर वेळी अगदी एकाच जागी थांबत नाही. एखादा फोटो चुकला म्हणून आकडा बदलू नका, पाचांतले बहुतेक कुठे पडतात ते बघा. आधी ५-५ च्या टप्प्याने, जवळ आलात की १-१ ने. मेनूत एका झूम लेन्सला एकच आकडा देता येतो, ७० ला वेगळा आणि २१० ला वेगळा नाही, म्हणून ज्या टोकाला जास्त वापराल तिथे जुळवा. २० वरही फोकस जुळत नसेल तर ॲडाप्टर किंवा लेन्स ठोकर खाल्लेली आहे.

वापरताना एक लक्षात ठेवा. या मिनोल्टाला फोकसचा पल्ला मर्यादित करणारं बटण नाही. फोकस चुकला की लेन्स १.१ मीटरपासून अनंतापर्यंत फेरी मारून येते आणि तेवढ्यात घोडा गेला. म्हणून घोडा ज्या जागी येणार तिथल्या जमिनीवर आधीच फोकस आणून ठेवायचा, म्हणजे स्क्रूला थोडंच फिरावं लागतं. शटर १/१००० किंवा वर. मधला पॉइंट निवडून ठेवा, पंधरातला कोणता घ्यायचा हे कॅमेऱ्यावर सोडलं तर तो मागच्या गर्दीवर जातो. एफ/४ ला पांढऱ्या घोड्याच्या कडेला किंवा लगामाच्या चमकत्या कड्यांना जांभळी किनार येते, एफ/५.६ ला बरीच कमी होते, एफ/८ ला जवळजवळ जाते. हूड लावलाच पाहिजे. जुन्या लेन्सचं कोटिंग डिजिटल सेन्सरवरून परत येणाऱ्या प्रकाशाचा विचार करून केलेलं नाही, समोरून ऊन असेल तर मध्यभागी फिका डाग येतो.

निकॉन ८०-२०० डी तुमच्या सोनीवर लावायची तर २८.५ मिमीचा साधा यांत्रिक ॲडाप्टर पुरतो, कारण डी लेन्सला स्वतःची अपर्चर रिंग आहे. कुलूप सोडून ती रिंग फिरवायची. ॲडाप्टरलाही अपर्चरची रिंग असेल तर ती मिटलेल्या टोकाला नेऊन ठेवा, नाहीतर लेन्सची रिंग फिरवूनही काही होणार नाही. मेनूत "लेन्सशिवाय रिलीज" चालू करा, नाहीतर शटरच पडत नाही. पिन नसल्यामुळे फोकल लांबी बॉडीला कळत नाही. स्टेडीशॉटच्या सेटिंगमध्ये ती हाताने भरावी लागते. झूम असल्याने सारखी बदलणं शक्य नसतं, तेव्हा ८० भरून ठेवा. २०० भरून ८० ला फोटो काढला तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि स्थिर हाताचा फोटोही पुसट येतो. कमी भरलं तर फक्त स्थिरता कमी मिळते.

आणि वजन. ही लेन्स सुमारे १.३ किलोची आहे. ट्रायपॉडवर लेन्सची कॉलर लावा, बॉडी नाही. हातात धरतानाही डावा तळवा लेन्सखाली. बॉडीला धरून लेन्स लोंबकळत ठेवली तर स्वस्त ॲडाप्टरचे स्क्रू सैल होतात, माउंट किंचित कलतो आणि मग फ्रेमची एक बाजू फोकसमध्ये, दुसरी पुसट. असं दिसलं तर लेन्सला दोष देण्याआधी ॲडाप्टरचे स्क्रू आवळून बघा. लेन्स अनंतावर नेऊनही दूरचं डोंगर पुसट राहत असेल तर ॲडाप्टर गरजेपेक्षा जाड बनलाय, तो परत करा. थोडा पातळ असेल तर फोकस अनंताच्या पुढे जातो, त्याने काम अडत नाही, पण रिंगवरच्या अंतराच्या आकड्यांवर विसंबू नका.

लळिंग_रोड (धुळे)

काठीच्या होळीला २८-१०५ न्या, आरसा नसलेल्या ॲडाप्टरवर. आगीवर फोकस करू नका, ज्वाळा सारखी हलते आणि लेन्स शोधत बसते. मोरपिसांचे टोप घातलेल्यांच्या चेहऱ्यावर आगीचा उजेड पडतो, तिथे कॉन्ट्रास्ट चांगला मिळतो, फोकस तिथे करा. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा, नाहीतर आग फ्रेममध्ये आली-गेली की फोटो उजळ-काळा होत राहतो.

भुसावळ_जंक्शन (भुसावळ)

लेन्स घरी आल्यावर लगेच इतर लेन्सच्या शेजारी ठेवू नका. महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवून टॉर्चने पुन्हा बघा, धागे वाढत नाहीत ना.

आपल्याकडे धोका दोन ऋतूंत दोन वेगळ्या प्रकारचा. श्रावण-भाद्रपदात दमट हवा: आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल, काटा ४० ते ५० वर. फार खालीही नेऊ नका, रबर आणि ग्रीस सुकतं. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवायची नाही, चामडं ओल धरतं. उन्हाळ्यात ओल नसतेच, तेव्हा जेल काढलं तरी चालतं. त्या दिवसांत शत्रू म्हणजे उष्णता. गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीत, गच्चीला लागून असलेल्या माळ्यावर लेन्स नको. घरातल्या सर्वांत खालच्या आणि आतल्या कपाटात ठेवा.

त्या कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर असेल तर आधी काढा. त्यांची वाफ काचेवर बसते.

सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की ओल भरली. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की परत निळं होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, तेव्हा स्वयंपाकाचा तवा किंवा कढई त्यासाठी घेऊ नका, वेगळा ट्रे ठेवा. केशरी जेल मिळालं तर तेच घ्या. गरम जेल लगेच डब्यात टाकू नका, झाकलेल्या काचेच्या बरणीत थंड होऊ द्या आणि मग घाला.